उरलेली ट्यूब

आमच्या घरात ट्यूब टाकून द्यायची पद्धत नाही. टूथपेस्ट असो की मलम, आधी खालून गुंडाळत वर आणायची, मग तिच्यावरून लाटणं फिरवायचं, आणि अगदीच काही निघेना झालं की कात्रीने मधोमध कापून आतून बोट फिरवायचं, अजून चार दिवस आरामात जातात. आई चिपळूणची, हातात पैसा नसताना संसार ओढलेली, तिच्याकडून हे माझ्यात आलंय आणि त्यात काही चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत जे काय झालं ते याच काटकसरीतून झालं असं मी लोकांना सांगतो. बायको म्हणते काटकसर बिटकसर काही नाही, आगाऊपणा होता.

तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या कमरेवर, बरोबर पट्ट्याच्या खाली, एक लालसर गोल उठला. जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा. मी डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जातो, पावसाळ्यात स्टेशनात पोचेपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली असते, गाडीत माणसांच्या वाफेत वरचा अर्धा भाग घामाने भिजतो, मग ऑफिसच्या एसीत ती पँट अंगावरच वाळवायची आणि संध्याकाळी परत तेच उलट क्रमाने. घरी जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही म्हणून सकाळी दमट असतानाच इस्त्री फिरवून चढवायची. इतकी बडदास्त ठेवल्यावर बुरशी आली नसती तरच नवल. आठवड्याभरात गोलाची कड पुढे सरकली, मधला भाग साफ दिसायला लागला, कड मात्र उठावदार, खवल्याखवल्यांची, आणि दुसरा गोल जांघेत. खाज अशी की मीटिंगमध्ये बसणं कठीण.

गजकर्ण. शब्द किती देखणा आहे, हत्तीचा कान! आणि दुखणं असं की कुणाला दाखवायची सोय नाही. मी लहान असताना एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारात मलमवाले असायचे, "खाज, खरूज, नायटा, गजकर्णऽऽ" असं एका दमात एका सुरात म्हणायचे, ते ऐकून आम्ही पोरं हसायचो आणि शाळेत एखाद्याला चिडवायचं असलं की तेच ओरडायचो. त्यामुळे असेल, पण स्वतःला झाल्यावर पहिली भावना आली ती लाजेची. म्हणजे खोकला झाला तर आपण चारचौघात खोकतो, चारचौघात उपाय विचारतो. जांघेतल्या खाजेचं तसं नाही. ती माणूस एकटा सोसतो आणि एकटाच मेडिकलमध्ये जातो, तेही गर्दी नसेल तेव्हा.

मीही तसाच गेलो, रात्री साडेनऊला. काउंटरवर एक बाई सॅनिटरी पॅड घेत होत्या, त्या जाईपर्यंत मी उगाच शांपूच्या बाटल्या बघत बसलो. मग हळू आवाजात म्हटलं, ते, जरा खाजेचं काहीतरी द्या. त्या माणसाने कुठे, किती दिवस, कशी, काही म्हणजे काही विचारलं नाही. मला तेव्हा ते फार सभ्यपणाचं वाटलं. मागच्या खणातून एक छोटी ट्यूब काढली, म्हणाला, "ही न्या साहेब, दोन दिवसात आराम. सगळे हीच नेतात."

आणि खरंच दोन दिवसात आराम! दुसऱ्याच रात्री खाज बंद, तिसऱ्या दिवशी लाली उतरली, पाचव्या दिवशी तो गोल जवळपास दिसेनासा. मी मनातल्या मनात त्या मेडिकलवाल्याला दुवा दिला, ट्यूबचं बूच घट्ट लावलं आणि बाथरूमच्या फळीवर दाढीच्या सामानामागे ठेवून दिली. अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. आठ-दहा दिवसांनी गोल परत आला तेव्हा परत लावली, परत गेला. अशी दोन-तीन आवर्तनं झाली. दर वेळी तो थोडा मोठा होऊन यायचा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माणूस खाजेवर लक्ष ठेवतो, मोजमापावर नाही.

आता लेकीकडे येतो. ती तेव्हा सात महिन्यांची. आई तिच्यासाठी मुद्दाम चिपळूणहून येऊन राहिली होती, येताना जुन्या नऊवारीचे लंगोट आणि दुपटी शिवून घेऊन आली होती, मऊ, धुऊन धुऊन साय झालेली. पण डोंबिवलीच्या पावसाळ्यात, दोन खोल्यांच्या घरात, त्या लंगोटांचं करायचं काय? गॅलरीत दोरी, हॉलमध्ये पंख्याखाली दोरी, तरी सगळ्याला तो कुबट वास. म्हणून डायपर. आधी फक्त रात्री, मग बाहेर जाताना, मग दिवसभर. त्यात तिला कानाचं इन्फेक्शन झालं, पाच दिवस अँटिबायोटिक चाललं, त्याने पोट बिघडलं, दिवसाला सहा-सात वेळा शी, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ढुंगण लालभडक. पुसायला गेलं की असं रडायची की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायच्या.

बायको दिवसभर नारळाचं तेल लावत होती. आईने सांगितलं, "डायपर काढून टाका रे, उघडं राहू दे पोरीला." आम्ही काढलं की ती लगेच चादरीवर शी करायची, आम्ही दमून परत डायपर लावायचो. आणि मग एका रात्री, दोन-अडीचला, बायको अखेर झोपलेली, लेक माझ्या हातात आणि मी बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली उभा. समोर फळीवर ती ट्यूब. माझी खाज, माझी लाली, दोन दिवसात पळवणारी. मला अजून आठवतं, मी ट्यूब उलटी करून वाचायचा प्रयत्न केला होता, अक्षरं इतकी बारीक की चष्म्यानेही दिसेनात, आणि लेक रडत होती. लावली. अगदी थोडीशी, बोटाच्या टोकावर, वरून स्वच्छ डायपर.

सकाळी लाली निम्म्याने कमी. बायको म्हणाली, "आज बरंच बरं दिसतंय ना?" मी काही बोललो नाही. गप्प बसण्यात एक फुशारकीही होती, वेळ येईल तेव्हा सांगू अशी. पुढच्या चार रात्री मी ते गुपचूप चालू ठेवलं.

सहाव्या दिवशी ट्यूब लावायची राहिली, आणि सातव्या दिवशी जे दिसलं ते आधीच्यापेक्षा वेगळं होतं. आधी लाली होती ती ढुंगणाच्या फुगीर भागावर, जिथे डायपर घासतं तिथे. आता ती जांघेच्या घड्यांच्या आत खोल उतरली होती, गडद, ओलसर, आणि मुख्य लाल भागाच्या बाहेर मोहरीएवढे सुटे ठिपके, कुणी लाल शाई झटकावी तसे.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला टेबलावर झोपवलं, घडी बोटाने जरा उघडून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "काय काय लावलंत?" बायको म्हणाली, "फक्त खोबरेल." मी खाली बघून म्हटलं, "एक साधं मलम पण." बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन मी करणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, "मलम साधं नसतं हो. नाव काय?" नाव मला ठाऊक नव्हतं. दीड महिना वापरलेलं, पोटच्या पोरीला लावलेलं औषध, आणि मला त्याचा फक्त रंग सांगता येत होता. आईला फोन करून फोटो मागवला. तिने तीन फोटो पाठवले, दोन तिच्या अंगठ्याचे, तिसऱ्यात ट्यूब. डॉक्टरांनी फोटो मोठा करत करत वाचलं आणि म्हणाल्या, "क्लोबेटासोल."

मग त्यांनी जे सांगितलं ते तेव्हा निम्मं डोक्यावरून गेलं, नंतर जुळवत गेलो. त्या एका ट्यूबमध्ये तीन औषधं होती. एक बुरशीवरचं, एक बॅक्टेरियावरचं आणि तिसरं स्टिरॉइड. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड्समधलं सगळ्यात जहाल गटातलं. दोन दिवसात आराम देतं ते हेच. बुरशी आली की शरीर तिच्याशी भांडतं, लाली, सूज, खाज ही त्या भांडणाची खूण, आणि स्टिरॉइड ते भांडण बंद करतं. कुत्रा भुंकतोय म्हणून कुत्र्यालाच झोपेची गोळी घालावी आणि गल्ली शांत झाली म्हणजे चोर गेला असं समजून झोपावं, तसा प्रकार. बुरशी तिथेच असते, उलट आता अडवणारं कुणी नाही म्हणून निवांत पसरते.

बाळाच्या बाबतीत तर अजून एक भानगड. बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंग जास्त, आणि वरून डायपर, म्हणजे प्लास्टिक लावून औषध झाकून ठेवल्यासारखंच, ते दुप्पट जोमाने आत मुरतं, रक्तात जातं. असं मलम डायपरखाली बरेच आठवडे चोळल्याने तोंड सुजून चंद्रासारखं गोल झालेली, वाढ थांबलेली बाळं डॉक्टरांना बघायला मिळालेली आहेत, बाहेरून एवढं स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. "चारपाच दिवसच ना? नक्की?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. लेकीचं वजन केलं, गाल बघितले. ठीक होतं सगळं. मी तिथल्या बाकावर बसलो तो पाच मिनिटं उठलोच नाही.

पहिली लाली साधी होती म्हणाल्या, लघवी आणि शी कातडीला लागून झालेली, डायपर घासून झालेली. त्यासाठी औषधही लागत नाही बऱ्याचदा, कोरडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचा थर एवढं पुरतं. पण अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेले, कँडिडा नावाची यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, जी आपल्या सगळ्यांच्या पोटात थोडीफार असतेच, ती वाढली, ओली गरम जागा तिला आवडते, आणि वरून मी स्टिरॉइड लावून तिच्यासाठी रान मोकळं करून दिलं. साधी लाली बहुतेक करून घड्या सोडते कारण घडीत डायपर टेकत नाही, कँडिडा मात्र घडीतच घर करते आणि बाजूला ठिपके सोडते. हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर, असं मी म्हणायला लागलो तर बायको म्हणाली, "विचारलं असतंस तर सांगितला असता."

औषध दिलं ते इतकं साधं की मला फसवल्यासारखं वाटलं. नुसतं क्लोट्रिमॅझोल, बुरशीवरचं क्रीम, एक टक्का, दुसरं काही न मिसळलेलं. दिवसातून दोनदा, पातळ, घडीत आणि त्या सुट्या ठिपक्यांच्याही जरा पुढेपर्यंत. ते मुरलं की वरून झिंक ऑक्साइड, आणि हे मात्र जाड, केकवर आयसिंग लावतात तसं. शी झाली की लगेच बदलायचं, एरवी दोन-तीन तासांनी. सुगंधी वाइप्स बंद, कोमट पाणी आणि मऊ कापूस, चोळायचं नाही टिपायचं, आणि झिंकचा पांढरा थर दर वेळी खरवडून काढायचा नाही, वरची घाण तेवढी काढायची. पावडर बंद, ती घडीत ओली होऊन गोळे होतात आणि उडालेली बाळाच्या फुफ्फुसात जाते. दिवसातून जमेल तेवढा वेळ उघडं. लाली गेली तरी चार-पाच दिवस क्लोट्रिमॅझोल चालू. आणि ताप आला, फोड आले, पू दिसला किंवा तीन दिवसात काहीच फरक नाही पडला तर थांबायचं नाही, यायचं. तोंडात पांढरे डाग आहेत का तेही त्यांनी बघितलं, कँडिडा दोन्ही टोकांना सापडते म्हणे. नव्हते.

घरी आल्यावर उघडं ठेवायचं ऐकून आई मागून म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

बरं, आईच्या काळात सगळं सोनं होतं असंही नाही. मी तिला विचारलं तेव्हा आम्हाला काही व्हायचं नाही का असं, तर म्हणाली, "तुझं ढुंगण तर माकडासारखं असायचं श्रावणात." तेव्हा शेगडीवर लंगोट सुकवायचे, त्यालाच ओवा आणि बाळंतशेपाचा वास लागायचा, आणि बाळ ओलं झालं की मिनिटात कळायचं कारण सगळंच ओलं व्हायचं, मांडीसकट. डायपरची खरी सोय हीच आहे की कळत नाही.

लेक दहा दिवसात खडखडीत बरी झाली. माझं प्रकरण नोव्हेंबरपर्यंत चाललं.

कारण तिच्या डॉक्टरांनी मला जाता जाता विचारलं, "आणि ही ट्यूब तुम्ही स्वतः कशाला वापरत होतात?" मग मी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. तिथल्या वेटिंग रूममध्ये बसलेले निम्मे लोक कमरेत हळूच खाजवत होते, मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी शर्ट वर करायला सांगितला आणि म्हणाले, "गोलात गोल." आरशात बघितलं तर खरंच, एका गोलाच्या आत दुसरा, त्याच्या आत अर्धा तिसरा, झाड कापल्यावर खोडात दिसतात तसे. स्टिरॉइड लावलं की आतली बुरशी दबते, सोडलं की उठते, दर वेळी नवीन कडं. मी त्या ट्यूबची किती आवर्तनं केली ते त्यांना माझ्या पाठीवर वाचता येत होतं. काहींच्या बाबतीत तर गोलच पुसला जातो, नुसता लाल पट्टा राहतो आणि बघणाऱ्याला गजकर्ण ओळखूच येत नाही, त्याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात, वेषांतर केलेला नायटा. हे नाव १९६८ सालचं आहे, म्हणजे स्टिरॉइड मलमं बाजारात रुळल्यावर फार वर्षं गेली नव्हती तेव्हाचं.

त्यांनी कडेचे खवले काचपट्टीवर खरवडले, वर पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली ठेवले आणि मला बघू दिलं. बारीक फांद्यांसारखे धागे. ही कँडिडा नव्हे, ही वेगळी. आपण सरसकट फंगल म्हणतो पण लेकीला झाली ती यीस्ट आणि मला झालेली ती कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन खाणारी बुरशी. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल दोन्हींवर चालतं, पण निस्टॅटिन फक्त कँडिडावर, गजकर्णावर ते चोळून काहीही होत नाही.

या निस्टॅटिनची गोष्ट मला नंतर सापडली आणि आवडली. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन बायका न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी लॅबमध्ये काम करायच्या, एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी आल्बनीत. हेझन मातीचे नमुने तपासायची, त्यातलं काही बुरशीला मारतंय असं दिसलं की बरणीत भरून पोस्टाने ब्राउनकडे पाठवायची, ती त्यातलं नेमकं रसायन वेगळं करून परत पोस्टाने पाठवायची. एका मैत्रिणीच्या शेतातल्या मातीत त्यांना हवं ते मिळालं, १९५० मध्ये जाहीर केलं आणि नाव दिलं न्यूयॉर्क स्टेटवरून, निस्टॅटिन. औषधाचे पैसे दोघींनी स्वतः घेतले नाहीत, संशोधनाला दिले. माणसाला चालेल असं बुरशीवरचं पहिलं अँटिबायोटिक ते हेच.

आणि आपल्या नावावर काय आहे, तर बुरशी. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, नावातच इंडिया असलेली गजकर्णाची बुरशी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलेली ही जात, त्यांना ती जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटमध्ये मिळाली होती. हिच्यातल्या बऱ्याच बुरशींना टर्बिनाफीन मारत नाही, जे गजकर्णाचं वर्षानुवर्षं खात्रीचं औषध होतं. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याचं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने कळवलं. म्हणजे न्यूयॉर्कच्या नावाचं औषध इकडे आलं आणि आपल्या नावाची बुरशी तिकडे गेली, आणि ते औषध या बुरशीवर चालत नाही. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्ण जे हाताबाहेर गेलंय, पूर्वी दोन आठवड्यांत जायचं ते आता महिनोन्महिने, त्यामागे इतर कारणांबरोबर ही तीन-औषधी मलमं आहेत असं त्वचेचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगताहेत.

सरकारला माहीत नव्हतं असं नाही. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती, कंपन्या कोर्टात गेल्या, वर्षअखेरीला दिल्ली हायकोर्टाने बंदी उठवली, मग सुप्रीम कोर्ट, मग परत तज्ज्ञ, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी. त्याच वर्षी मार्चमध्ये १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. मी रात्री साडेनऊला घेतली ती त्याच्या कितीतरी नंतर. मेडिकलवाल्यावर मी रागावलो होतो, आता तेवढा नाहीये. मी चिठ्ठी आणलीच नाही तशी त्याने मागितली नाही, दोघांचंही भागलं. आणि स्टिरॉइड म्हणजे विष असंही डोक्यात घेऊ नका कुणी, आमच्या ऑफिसात एकाला सोरायसिस आहे, तो डॉक्टरच्या सांगण्याने तेच वापरतो आणि त्याला त्याची गरज आहे. बुरशीवर ते नको, बाळाच्या डायपरखाली स्वतःच्या मनाने नको, एवढंच.

तर त्या त्वचेच्या डॉक्टरांनी मला नुसतं बुरशीचं क्रीम दिलं, पोटातून घ्यायच्या गोळ्या दिल्या, त्या काही महिने आणि त्यासाठी मध्ये लिव्हरची तपासणी, आणि आधीच बजावलं की स्टिरॉइड बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज उसळेल, शिव्या द्याल मला, पण जुन्या ट्यूबकडे जायचं नाही. दिल्या शिव्या. मग क्रीम लावायचं कसं ते शिकवलं, मला वाटलं यात शिकायचं काय. दोनाचा नियम: गोलाच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटर, दिवसातून दोन वेळा, आणि सगळं साफ झाल्यावरही निदान दोन आठवडे. बाहेरून आत लावत यायचं. आणि किती, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ, ती अर्धा ग्रॅम, त्यात बोटांसकट दोन हातांएवढी जागा भागते.

इथे माझ्या काटकसरीचा निकाल लागला. माझी जागा झाली होती साधारण आठ हातांएवढी. म्हणजे एका वेळी दोन ग्रॅम, दिवसाला चार, पंधरा ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरायची नाही. आणि मी एक छोटी ट्यूब दीड महिना पुरवून अभिमानाने फिरत होतो! पुढचे चार महिने मी तीस ग्रॅमच्या ट्यूबा आठवड्याला एक अशा रिकाम्या केल्या, लाटणं न फिरवता. टॉवेल वेगळा, चड्ड्या उन्हात किंवा कडक इस्त्रीखाली उलट्या करून, जीन्स बंद, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडी पँट. घरातल्या सगळ्यांना बघून घ्या म्हणाले, एकाला राहिली की परत सगळ्यांना. बायकोला नव्हतं, हे तिने मला दोन-तीनदा ऐकवलं.

आईचा यावर स्वतंत्र उपाय होता, टाकळ्याचं बी ताकात वाटून लाव. पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्याकडेला टाकळा माजतो, कोवळी पानं भाजीला आणि बिया औषधाला. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्न म्हणतात, दद्रु म्हणजे नायटा आणि चक्रमर्द म्हणजे चक्र मोडणारा, गोल मोडणारा. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने स्वतःच्या कमरेवर तो गोल बघितला असणार असं मला उगाच वाटतं. मी लावलं नाही, आधीच चोळामोळा झालेल्या कातडीवर अजून एक प्रयोग नको म्हणून. भाजी मात्र खाल्ली, ओलं खोबरं घालून.

ती जुनी ट्यूब मी डॉक्टरकडून आल्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात टाकली. बूच लावून, अर्धी भरलेली, आयुष्यात पहिल्यांदा. ऑगस्टमध्ये आई गणपतीच्या तयारीला चिपळूणला परत गेली आणि मागोमाग आम्ही पण. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजघरात कंगवा शोधत होतो, फळीवर उदबत्तीचा पुडा, रॉकेलची जुनी चिमणी, अमृतांजनची बाटली, आणि तिच्या शेजारी, खालून अगदी व्यवस्थित गुंडाळून केसांच्या पिनेने दाबलेली, तीच ट्यूब.

"ही इथे कशी?"

"तूच टाकलीस ना रे डब्यात, अर्धी होती. मी पुसून आणली." आई पागोळ्यांखाली पाय धुऊन आत आली होती, बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या फटफटीत चिखल्या. "चिखल्यांना लावते. काय गुण आहे रे तिला, रात्री लावली की सकाळी खाज नाही."

आईला शुगर आहे. मी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला, बेचकी उघडून बघितली, कातडी ओल्या कागदासारखी झालेली, एके ठिकाणी फाटून आतलं लाल दिसत होतं. कोरडा पंचा मागितला, एकेक बोट टिपलं, माझ्या बॅगेतलं साधं क्रीम आणायला बायकोला सांगितलं. मग त्या ट्यूबचं काय करावं म्हणजे ती या घरात परत कुणाच्या हाती लागणार नाही याचा विचार करून मी म्हटलं, "आई, कात्री कुठेय?"

"आत्ताच कापू नकोस," आई म्हणाली, "अजून बरीच आहे त्यात."